मुंबईत इंजिन ओळखायचं ते उभ्या गाडीत

तू विचारलंस, "काका, तुम्ही एवढी वर्षं लोकांची इंजिनं उघडताय, तर तुमच्या स्वतःच्या गाड्यांमधलं सगळ्यात चांगलं इंजिन कोणतं? आणि मला पगारातून पहिली जुनी गाडी घ्यायची आहे, स्वतः हात काळे करून शिकायला, तर कोणती घेऊ?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नव्वदच्या दशकातली, कार्बोरेटरवाली (म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळायचं काम कंप्युटरशिवाय करणारी) मारुती झेन घे, इंजिन न उघडलेली मिळाली तर उत्तमच. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांब आहे. माझ्या नावावर पाच गाड्या झाल्या आणि चांगलं इंजिन म्हणजे काय, याचं माझं मत जवळपास प्रत्येक गाडीने थोडं थोडं बदललं. आज मत असं आहे की, मुंबईत इंजिनाची परीक्षा पळताना होत नाही, उभं राहताना होते. भांडुपहून एलबीएस रोडने सायनला जाऊन बघ. इंजिन चालू, पंखा चालू, एसी चालू आणि चाकं मात्र जागच्या जागी. मासिकात छापलेली हॉर्सपॉवर पाच-सहा हजार आरपीएमवरची, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांवरची, असते. आपलं इंजिन दिवसभर आठशे ते दोन हजारांच्या मधेच जगतं. तिथे ते कसं वागतं, तापतं का, घाण साठवतं का, दुसऱ्या गिअरमध्ये हळू ओढतं का, हे बघायचं.

माझे वडील टॅक्सी चालवायचे, दादर स्टेशनच्या बाहेर त्यांचा स्टँड. काळी-पिवळी फियाट. कागदावर प्रीमियर पद्मिनी, पण आमच्या घरात तिला कुणी पद्मिनी म्हटल्याचं मला आठवत नाही, फियाटच. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली गाडी आणि चालवणारा दादरचा, त्यामुळे ती आम्हाला परदेशी कधी वाटलीच नाही. मेकॅनिकल डिप्लोमा करून मी दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये लागलो आणि १९८९ मध्ये स्वतःची पहिली गाडी घेतली, तीही फियाटच, १९७८ चं मॉडेल, दादर पारशी कॉलनीतल्या एका आजोबांकडून. 'पारशी मालकाची गाडी' या शब्दांना तेव्हा बाजारात वेगळा भाव होता आणि तो रास्त होता. गाडीबरोबर त्यांनी मला एक वही दिली, त्यात अकरा वर्षांच्या प्रत्येक ऑइल बदलाची तारीख आणि किलोमीटर लिहिलेले होते.

ते इंजिन १०८९ सीसी, चार सिलिंडर. बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. म्हणजे पिस्टन जितका रुंद त्यापेक्षा जास्त लांब धावतो. कॅमशाफ्ट हा उंचवट्यांचा फिरता दांडा खाली ब्लॉकमध्ये, तिथून पुशरॉड वर जाऊन रॉकर हलवतात, रॉकर व्हॉल्व्ह म्हणजे हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा उघडतात. जुनी, साधी रचना. ते आरपीएम पकडायला तयार नसायचं, पण चौथ्या गिअरमध्ये तीसच्या वेगाला टाकलं तरी कुरकुर न करता ओढायचं. टॅक्सीवाल्यांना ते प्रिय होतं ते यासाठी. स्टिअरिंगजवळचा हँडगिअर सतत वरखाली करायला लागत नसे.

टॅपेट सेट करायला, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली बारीक फट जुळवायला, मला वडिलांनी शिकवलं, वर्कशॉपमध्ये नाही. रविवारी सकाळी, थंड इंजिनावर. फीलर गेजची, म्हणजे फट मोजायची, पातळ पाती रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांडीमध्ये सरकवायची आणि स्क्रू फिरवत ओढून बघायची. सैल असेल तर पाती नुसती निघून येते, घट्ट असेल तर वाकते. बरोबर असते तेव्हा ती बोटांना धरून धरून सुटते, ओल्या काचेवरून कागद ओढल्यासारखी. वडील म्हणायचे, आकडा पातीवर लिहिलेला असतो, पण माप बोटात असतं. पुढे टॅक्सी सीएनजीवर गेल्या तेव्हा हे शिक्षण फार कामाला आलं. गॅस कोरडा जळतो, व्हॉल्व्हची बैठक हळूहळू घासत जाते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटमधली फट कमी होत जाते. त्यामुळे आवाज येत नाही, उलट इंजिन शांत होत जातं, आणि मालक खूश असतो. मग एक दिवस व्हॉल्व्ह पूर्ण बसेनासा होतो आणि जळतो. शांत झालेल्या जुन्या इंजिनाकडे मी तेव्हापासून संशयाने बघतो.

पण उभं राहणं फियाटला जमत नसे. रेडिएटरचा पंखा बेल्टने क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, पुलीला बांधलेला. इंजिन हळू तर पंखाही हळू. म्हणजे ट्रॅफिकमध्ये जेव्हा हवेची सगळ्यात जास्त गरज, तेव्हाच हवा सगळ्यात कमी. त्यात पेट्रोलचा पंपही इंजिनालाच लागून. एका मे महिन्यात आम्ही सगळे गावाला निघालो होतो. पोलादपूर सोडलं, कशेडी घाट चढायला लागलो आणि पुढे ट्रकची रांग. गोगलगायीच्या गतीने, पहिल्या गिअरमध्ये, भर दुपारी. गाडी दोनदा हुंदके देऊन बंद पडली. मी डिप्लोमावाला, मी प्लग काढायला निघालो. वडिलांनी मला बाजूला केलं, खांद्यावरचा पंचा डब्यातल्या पाण्यात बुडवला आणि पिळून पंपावर ठेवला. चर्र आवाज झाला, पंच्यातून वाफ निघाली. दहा मिनिटं थांबलो, पंचा पुन्हा भिजवला, चावी मारली, गाडी सुरू. पेट्रोल पंपातच उकळून त्याची वाफ झाली होती आणि तो पंप द्रव ओढायला बनवलेला असतो, वाफ नाही. पुस्तकात मी हे वाचलेलं होतं, पण त्या पंच्यामुळे ते डोक्यात बसलं. पाणी, पंखा, पंप, नळ्या हे सगळं मिळून इंजिन असतं, नुसता लोखंडाचा ठोकळा म्हणजे इंजिन नव्हे.

ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला शेवटची पद्मिनी टॅक्सी म्हणून नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून ती टॅक्सी कायमची उतरली. वडील तोवर राहिले नव्हते. त्या दिवशी मी दादरला जाऊन त्यांच्या जुन्या स्टँडवर थोडा वेळ उभा राहून आलो.

दुसरी गाडी मारुती ८००, १९९४ मध्ये घेतली, सहा वर्षं वापरलेली. हिच्याबद्दल सगळ्यांना सगळं माहीत आहे, म्हणून लांबवत नाही. १४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या गाडीची चावी दिली गेली आणि आमच्या धंद्याचं रूपच पालटलं. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, कॅमशाफ्ट वर हेडमध्ये, म्हणजे ब्लॉकवर बसणाऱ्या वरच्या भागात, आणि त्याला क्रँकच्या तालात फिरवायला (टायमिंगला) रबरी बेल्ट. तीन सिलिंडरच्या इंजिनात पुढचा आणि मागचा पिस्टन एकमेकांना तोलत नाहीत, इंजिन तराजूसारखं डुलतं, म्हणून सिग्नलला गिअरची दांडी थरथरते. लोक त्याला मिसिंग, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नाही असं, समजून गाडी आणायचे. मी त्यांना घरी पाठवायचो.

मला त्या गाडीने दिलेली खरी गोष्ट म्हणजे विजेवर चालणारा पंखा. रेडिएटरमधलं पाणी ठराविक तापलं की थर्मोस्विच पंखा लावतो, थंड झालं की बंद करतो. इंजिन आठशेवर असो की चार हजारांवर, पंख्याला फरक पडत नाही. फियाट जिथे उकळायची तिथे, सायनच्या सर्कलला मे महिन्यात, ही गाडी पंखा लावत-बंद करत निवांत उभी राहायची. माझ्या गॅरेजमध्ये आलेल्या प्रत्येक नव्या पोराला पहिलं काम मी हेच दिलं आहे. गाडी सुरू करून उभी ठेव, घड्याळ बघ आणि पंखा कधी लागतो, किती वेळ चालतो ते लिही. पंखा लागतच नाही, लागला तर थांबत नाही, मधेच अडखळतो, या तीन गोष्टींतून कूलिंगचा अर्धा आजार कळतो.

मग १९९९ मध्ये झेन आली, १९९६ चं मॉडेल. आता इथे मी थोडा रेंगाळणार आहे.

९९३ सीसी, चार सिलिंडर, बोअर ७२ आणि स्ट्रोक फक्त ६१. फियाटच्या बरोबर उलट पत्रिका. पिस्टन रुंद आणि त्याची धाव आखूड, म्हणून ते इंजिन आरपीएमला भुकेलेलं असतं. नुसत्या बोअर-स्ट्रोकवरून सगळं ठरत नाही, कॅमचा आकार, व्हॉल्व्हची रुंदी, गिअरचे दात हे सगळं त्यात येतं. तरी इंजिनाचा स्वभाव काय असेल याचा पहिला अंदाज या दोन आकड्यांवरून येतो आणि तू शिकायला बसशील तेव्हा हे दोन आकडे आधी पाठ कर. झेनचं हेडही अॅल्युमिनियमचं आणि ब्लॉकही अॅल्युमिनियमचा. पहिल्यांदा तो ब्लॉक मी आणि गॅरेजमधला पोरगा टेबलावर उचलायला गेलो, तर फियाटच्या बिडाच्या ब्लॉकच्या सवयीने इतका जोर लावला की तो जवळजवळ छातीवर आला.

ती गाडी चालवायला घेतली की पहिल्या शंभर मीटरमध्येच कळायचं की ही हलकी आहे आणि हिला पळायचंय. रात्री अकरानंतर ईस्टर्न एक्सप्रेसवर, मुलुंडहून विक्रोळीपर्यंत, तिसऱ्यात ताणून चौथा टाकायचा. आवाज कर्कश न होता चढत जायचा. तेवढ्याशा इंजिनाने मला जो आनंद दिला तो मी अजून विसरलेलो नाही.

अॅल्युमिनियमची दुसरी बाजूही तिनेच दाखवली. एकदा मेहुणा गाडी घेऊन अंधेरीला गेला. येताना जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर तुंबलेल्या ट्रॅफिकमध्ये रेडिएटरचा वरचा पाइप फुटला. तापमानाचा काटा वर गेलेला त्याला दिसला, पण "पोचतोय आता" म्हणून त्याने तशीच दामटली. चूक त्याची थोडी, माझी जास्त. पाइप कडक झालेला मी महिन्याभरापूर्वी बोटाने दाबून बघितला होता आणि पुढच्या रविवारी बदलू म्हणून सोडून दिला होता. लोकांच्या गाड्यांचे पाइप वेळेवर बदलणाऱ्याने स्वतःच्या गाडीचा राहू दिला, याची मला आजही चुटपुट आहे.

हेड उतरवलं. हेड आणि ब्लॉकमधली गॅस्केट दोन सिलिंडरच्या मधे जळालेली, काळी रेघ स्पष्ट. हेड उलटं ठेवून त्यावर स्टीलची सरळ पट्टी आडवी ठेवली, मागून टॉर्च धरला. पट्टीच्या दोन्ही टोकांखाली अंधार, मधोमध उजेडाची बारीक चीर. फीलर गेजची पाती तिथून आरपार गेली. हेड बेंड. बीड तापलं तर बरंच सोसतं, अॅल्युमिनियम सोसत नाही, वाकतं. कुर्ल्याला लेथवाल्याकडे फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करून, आणलं, नवी गॅस्केट, बोल्ट ठरलेल्या क्रमाने मधून बाहेर कसत गेलो, आणि गाडी पुढे चार वर्षं बिनतक्रार चालली. पण मी ती काटा बघत चालवली.

याच काळात मनात भरलेली आणखी एक गाडी होती, फियाट पालिओ १.६. तीही कुर्ल्यातच बनायची. १५९६ सीसी, शंभर हॉर्सपॉवर, आणि २००१ मध्ये एका हॅचबॅकमध्ये तेवढी ताकद म्हणजे फार झाली. एका गिऱ्हाइकाची आठवडाभर माझ्याकडे होती. घ्यायची राहून गेली.

घेतली ती होंडा सिटी, २००३ मध्ये, दीड लिटरची व्हीटेक. १४९३ सीसी, १०६ हॉर्सपॉवर. तू 'सगळ्यात चांगलं इंजिन' म्हणालास, आणि नुसती कारागिरी बघायची तर माझं उत्तर हेच. कॅमशाफ्टवर इनटेक, म्हणजे हवा आत घेणाऱ्या, व्हॉल्व्हसाठी दोन वेगळ्या आकारांचे उंचवटे. खालच्या आरपीएमला सौम्य उंचवटा काम करतो. साधारण पाच हजारांच्या आसपास गेलं की ऑइलच्या दाबाने रॉकरमधली एक पिन सरकते, रॉकर एकमेकांना कुलूप लागल्यासारखे जोडले जातात आणि मग मोठा उंचवटा सगळ्यांना हलवतो. व्हॉल्व्ह जास्त उघडतात, जास्त वेळ उघडे राहतात. एकाच इंजिनाला दोन स्वभाव, आणि स्वभाव बदलणारा हात म्हणजे ऑइल. म्हणून या इंजिनात घाण किंवा कमी ऑइल चालत नाही.

पण पाच हजार आरपीएम मुंबईत कुठे मिळणार? त्यासाठी पुणे एक्सप्रेस वे. खालापूरचा टोल सोडला की खंडाळ्याचा चढ लागतो. पहाटे साडेपाचला, रस्ता मोकळा, तिसऱ्या गिअरमध्ये काटा पाच हजार ओलांडायचा आणि आवाजाची जातच बदलायची. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची होती, मागच्या सीटवरून ती म्हणायची, "बाबा, आता दुसरी गाडी आली." तिने त्या एका वाक्यात सांगितलं ते मी वर पाच ओळींत सांगितलंय.

२६ जुलै २००५ च्या दुपारी मी कुर्ल्याला फेसिंगला दिलेलं एक हेड घेऊन सिटीतूनच परत निघालो होतो. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हा आकडा आपल्याला नंतर कळला. तेव्हा फक्त एवढंच दिसत होतं की एलबीएस रोडवर कमानीजवळ पाणी थांबायला तयार नाही. समोरून बेस्टची बस आली आणि तिच्या लाटेने पाणी बंपरच्या वर आलं. मी तिथेच इंजिन बंद केलं. बंद पडलं नव्हतं, मी बंद केलं. चार अनोळखी माणसांनी हात लावला, गाडी ढकलून एका दुकानाच्या कडेला उंच जागी लावली, हेड मागच्या सीटवर ठेवलं आणि भांडुपपर्यंत चालत आलो. घरी पोचायला रात्र झाली.

२८ तारखेला गाडी बघायला गेलो तेव्हा चिखलाची रेघ बॉनेटच्याही वर होती. टो करून गॅरेजला आणली. तिला कुणी चावी लावू नये म्हणून चावी मी खिशात घेऊन फिरत होतो. आधी बॅटरीची वायर काढली, मग चारही प्लग काढले आणि क्रँकच्या पुलीच्या बोल्टला सॉकेट लावून इंजिन हाताने फिरवलं. हे इंजिन इतर बहुतेक इंजिनांच्या उलट दिशेने फिरतं, पुलीकडून बघितलं तर घड्याळाच्या काट्याच्या विरुद्ध, आणि तो बोल्ट भयंकर कडक असतो. अर्धा फेरा झाला आणि तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकातून गढूळ पाण्याची पिचकारी थेट माझ्या बनियनवर. मी त्या क्षणी तिथेच खाली बसलो. पाणी आत शिरलं ते इंजिन बंद असताना आणि आता ते बाहेरही आलं, म्हणजे आत काही वाकायचं कारण नव्हतं. डिपस्टिक काढली तर ऑइल टपरीवरच्या चहासारखं दुधाळ. तीनदा ऑइल बदललं, डॅशबोर्डखालचा कंप्युटर काढून दोन दिवस पंख्यासमोर वाळवला, सगळे प्लग-सॉकेट साफ केले. पाचव्या दिवशी गाडी सुरू झाली.

पुढच्या महिन्याभरात माझ्याकडे अशी दहा-बारा इंजिनं आली, पण त्यांच्या मालकांनी पाण्यातच चावी मारली होती. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबलं की नऊ-दहा पट लहान होतं. पाणी दाबलं जात नाही. स्टार्टर किंवा बाजूच्या सिलिंडरचा जोर पिस्टनला वर ढकलतो, वर पाणी भरलेलं, मग जे सगळ्यात आधी हार मानेल ते वाकतं, आणि हार मानतो तो पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड. यातली काही इंजिनं सुरू होत होती, म्हणून मालक म्हणायचे की ठीक आहे. हेड उतरवून चारही पिस्टन पाळीपाळीने वर आणले की एक पिस्टन बाकीच्यांपेक्षा नखभर खाली थांबायचा. रॉड काढून सपाट प्लेटवर ठेवला की तो एका बाजूने डुलायचा. तसं इंजिन काही महिने चालतं आणि मग एक दिवस रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. तेव्हा पाण्यात गाडी बंद पडली, मिलन सबवे असो की हिंदमाता, तर चावीला हात लावायचा नाही, हे तू आजच पक्कं कर. डिझेल असेल तर अजून जपायचं, तिथे दाब सतरा-अठरा पट असतो.

२००९ मध्ये डिझेलच्या मोहात मीही पडलो. स्विफ्ट, १.३ मल्टीजेट. मूळ रचना फियाटची, आणि आपल्याकडे ते इंजिन मारुतीच्या, टाटांच्या, फियाटच्या कितीतरी गाड्यांत होतं. १२४८ सीसी, बोअर ६९.६, स्ट्रोक ८२, टायमिंगला चेन, ७५ हॉर्सपॉवर, १९० न्यूटन-मीटर टॉर्क. हायवेला याच्यासारखं इंजिन नाही. कोकणात चार माणसं आणि सामान घेऊन तोच कशेडी मी चौथ्या गिअरमध्ये चढलोय, आणि वडिलांचा पंचा आठवलाय.

मुंबईत मात्र मी त्याच्यावर अन्याय केला. घर ते गॅरेज अडीच किलोमीटर. टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, जागा होतो दोन हजारांच्या आसपास, आणि आपण असतो बाराशेवर. इंजिन नीट तापायच्या आत बंद. डिझेलमध्ये नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड कमी व्हावेत म्हणून जळालेल्या वायूचा काही भाग ईजीआर व्हॉल्व्हमधून परत आत सोडतात. गाडी पळत राहिली तर ती वाट बऱ्यापैकी साफ राहते. उभी राहिली की काजळी आणि ऑइलची वाफ मिळून तिथे डांबरासारखा थर बसतो. माझ्या गाडीचा मॅनिफोल्ड, म्हणजे हवा आत नेणारी नळी, उघडला तेव्हा अंगठा जाईल एवढ्या वाटेत करंगळी जेमतेम जात होती. दोष इंजिनाचा नाही, कंपनीचाही नाही. धावणाऱ्या घोड्याला मी टांग्याला जुंपून स्टँडवर उभं केलं होतं. २०१७ मध्ये ती नाशिकच्या एका माणसाला विकली, तो रोज साठ किलोमीटर करतो, आणि गाडी उत्तम आहे असा त्याचा फोन येतो.

आता घरात मुलीची हायब्रिड आहे, टोयोटाचं तीन सिलिंडरचं १४९० सीसी इंजिन. बोअर ८०.५ आणि स्ट्रोक तब्बल ९७.६. त्यात इनटेक व्हॉल्व्ह मुद्दाम उशिरा बंद करतात, थोडी हवा परत बाहेर जाऊ देतात, म्हणजे कमी पेट्रोलमध्ये जास्त काम निघतं. खालच्या आरपीएमला असं इंजिन मऊ पडतं, ती कमतरता विजेची मोटर भरून काढते. एलबीएस रोडवरच्या गांधीनगर जंक्शनला सिग्नल लागला की इंजिन बंद, एसी चालू, गाडी तीन गाड्यांपुरती पुढे सरकते तीही मोटरवर. पहिल्या दिवशी मी सवयीने कान लावून बसलो होतो. ऐकायला काहीच नव्हतं. ज्या परीक्षेबद्दल मी एवढं लिहितोय, त्या परीक्षेला हे इंजिन बसतच नाही, आणि मुंबईसाठी याहून शहाणी रचना मी बघितलेली नाही. पण तुला शिकण्यासाठी तिचा उपयोग नाही. बॉनेट उघडलंस तर तुला झाकण दिसेल आणि नारिंगी वायरी दिसतील, ज्यांना हात लावायचा नसतो.

म्हणून झेन. प्लगना वीज वाटणारा डिस्ट्रिब्युटर, कार्बोरेटर, चार प्लग, पंप, सगळं समोर, हात जाईल एवढी जागा. एकेक प्लगची वायर काढून इंजिनाचा आवाज कसा पडतो ते तू ऐकू शकशील. सुटे भाग ऑपेरा हाउसच्या दुकानांत विचार, जुने भाग लागले तर कुर्ल्याला सीएसटी रोडला. याच घराण्यातली मोठी इंजिनं एस्टीम आणि जिप्सीत होती, त्यामुळे हात बसलेले मिस्त्री अजून आहेत.

घेण्याआधी कागद बघ. पंधरा वर्षं उलटली की पुनर्नोंदणी, फिटनेस आणि पर्यावरण कर लागतो. ते झालेलं नसेल तर किंमत ठरवताना तो खर्च आणि आरटीओच्या फेऱ्या धर. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि जुन्या गाडीतलं रबर त्यासाठी बनवलेलं नाही. गाडी घरी आली की पहिल्याच रविवारी पेट्रोलचे सगळे पाइप इथेनॉल सोसणारे टाक, कार्बोरेटरचं किट बदल. गाडी महिना-महिना उभी ठेवणार असशील तर टाकी भरलेली ठेव, रिकाम्या टाकीत ओलावा धरतो आणि इथेनॉल तो शोषून घेतं.

आणि गाडी बघायला जाशील तेव्हा मालकाला आदल्या रात्री फोन करून सांग की सकाळी मी येईपर्यंत सुरू करू नका. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवून ती थंड आहे का बघ. थंड इंजिनावरच रेडिएटरचं झाकण उघड, पाण्यावर तेलाचा तवंग नसावा. ऑइल भरायच्या झाकणाच्या आत दुधाळ साय नसावी. मग सुरू कर, चोक हळूहळू आत ढकल, आणि चालवायची घाई करू नकोस. एसी असेल तर लाव आणि गाडी जागेवरच उभी ठेव. मालक म्हणेल, एक चक्कर मारून या. त्याला म्हण, मारतो, थोडं थांबा. वीस-पंचवीस मिनिटं लागतील. मग एसी बंद कर, काट्यावर नजर ठेव, आणि रेडिएटरचा पंखा आपोआप लागून, बंद होऊन, पुन्हा लागून, पुन्हा बंद होईपर्यंत तिथून हलू नकोस. त्यानंतर चक्कर मार. जमलं तर मला फोन कर, रविवार असेल तर मीही येतो.